बाबासाहेबांचा एच-इंडेक्स किती?

दर १४ एप्रिलला चौकाचौकांत फलक लागतात. बाबासाहेबांच्या नावाआधी विशेषणांची रांग असते. घटनेचे शिल्पकार, बोधिसत्त्व, कायदेपंडित आणि अलीकडे अधिक ठळक अक्षरांत ‘जागतिक कीर्तीचे अर्थतज्ज्ञ’. फलक लावणाऱ्या कार्यकर्त्याची श्रद्धा खरी आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात विशेषणांना किंमत नाही. तिथे विचारतात, शोधनिबंध किती? ते कोणत्या जर्नलमध्ये आले? इतर अभ्यासकांनी त्यांचा दाखला किती वेळा दिला? या दाखल्यांना तिथे सायटेशन म्हणतात आणि त्यांच्या बेरजेवर नोकरी, बढती, अनुदान आणि मानमरातब ठरतो.

फलकावरचे विशेषण आणि विभागातला आकडा या दोहोंच्या मधल्या जागेत आज आपली हजारो मुले-मुली संशोधन करीत आहेत. म्हणून हा विषय प्राध्यापकांपुरता आहे असे समजून चळवळीने सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते.

आधी हे माप काय आहे ते पाहू. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली एक कल्पना मांडली. कोणत्या लेखाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या लेखांत झाला याची सूची केली, तर विचारांचा माग काढता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९६४ साली विज्ञानासाठी अशी सूची प्रत्यक्षात आली, नंतर सामाजिक शास्त्रांसाठीही आली. पुस्तक शोधायला ग्रंथालयात जशी सूची लागते, तसे ते साधन होते. पुढे त्या साधनाचा तराजू झाला. २००५ साली जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने एच-इंडेक्स काढला. एखाद्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा दाखले मिळाले असतील, तर त्याचा निर्देशांक दहा. वीस लेखांना प्रत्येकी वीस मिळाले, तर वीस. माणूस एका आकड्यात बसला. निवड समितीवरच्या विद्वानांची मोठी सोय झाली, कारण आता उमेदवाराचे लेखन वाचण्याची गरजच उरली नाही!

या तराजूत आपण बाबासाहेबांनाच बसवून पाहू.

अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे काम मुख्यतः १९१५ ते १९२५ या दहा वर्षांतले. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर एम.ए.चा प्रबंध. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर शोधनिबंध आणि त्याच वर्षी बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर परीक्षणलेख. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्सी.चा ग्रंथ. १९२५ साली ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’. प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय कोलंबिया पीएच.डी. देत नसे, म्हणून ती पदवी रीतसर हाती पडली ती १९२७ साली. याशिवाय चलनाच्या प्रश्नावरचे काही लेख आणि चलन आयोगापुढची साक्ष. म्हणजे ग्रंथ आणि शोधपत्रिकेतले लेखन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता एच-इंडेक्सचे गणित लावा. ज्याच्या नावावर पाच कामे आहेत, त्याचा निर्देशांक पाचाच्या वर जाऊच शकत नाही. त्या पाचांपैकी एकेका ग्रंथाचा दाखला लाखो लोकांनी दिला तरी तो पाचच राहणार. आजच्या पद्धतीने अर्ज छाननीला गेला, तर आठ-दहा लोकांनी मिळून लिहिलेल्या साठ लेखांत आपले नाव घुसवणारा कोणीही गृहस्थ या दोन ग्रंथांच्या कर्त्याला सहज मागे टाकील. यात कमीपणा कोणाला येतो? मोजल्या जाणाऱ्याला की मोजणाऱ्या मापाला?

कामाची प्रत काय होती, हे ज्याने वाचले त्यालाच कळते. १९१८ च्या शेतजमिनीवरच्या निबंधाचे उदाहरण घ्या. त्या काळी सरकारी मंडळी म्हणत होती की शेत फार लहान तुकड्यांत विभागले गेले आहे, तुकडे एकत्र करून शेत मोठे केले की शेती सुधारेल. बाबासाहेबांनी मुळावरच बोट ठेवले. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल किती, अवजारे किती, श्रम किती, यावर ते किफायतशीर आहे की नाही हे ठरते. खरे दुखणे हे की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत. ती खातात, पण त्यांच्या श्रमाने उत्पादनात भर पडत नाही. या रिकाम्या हातांना उद्योगांकडे वळवा, शेतीवरचा भार आपोआप कमी होईल. एकत्रीकरणाचा कायदा हा त्यावरचा इलाज नव्हे.

छत्तीस वर्षांनी, १९५४ साली, आर्थर लेविस यांनी शेतीतील अतिरिक्त श्रमशक्ती आणि औद्योगिक विकास यांचा संबंध मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. तो निबंध विकासाच्या अर्थशास्त्राचा पाया मानला जातो, जगभर शिकवला जातो. लेविस कृष्णवर्णीय होते. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया बेटावर जन्मले, बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले तिथेच शिकले आणि त्या संस्थेतले पहिले कृष्णवर्णीय अध्यापक झाले. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मोठेपणा आम्हाला परका नाही, तो आमच्याच जातकुळीतला आहे. लेविस यांनी पूर्ण सिद्धांत उभा केला, बाबासाहेबांचा निबंध एका धोरणाच्या चर्चेत लिहिलेला होता, हा फरकही आम्ही मान्य करतो. आमचा प्रश्न आपल्या देशातल्या अर्थशास्त्र विभागांना आहे. लेविस शिकवताना १९१८ च्या त्या निबंधाचे नाव किती वर्गांत निघते?

‘रुपयाचा प्रश्न’ हा तर थेट सामना होता. १९१३ साली जॉन मेनार्ड केन्स यांनी भारतातील सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण करणारा ग्रंथ लिहिला होता. बाबासाहेबांनी त्या पद्धतीवरच हल्ला केला. रुपयाची पौंडाशी असलेली किंमत स्थिर ठेवण्याच्या नादात देशातली रुपयाची खरेदीशक्ती वाऱ्यावर सोडली जाते, आणि चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, हा त्यांचा आक्षेप. रुपया स्वस्त झाला की निर्यातदार आणि कारखानदार यांचा फायदा होतो असे सांगितले जात होते. तो फायदा येतो कोठून, हे त्यांनी विचारले. भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराच्या ताटातले काढून व्यापाऱ्याच्या ताटात पडते. चलनाच्या कोरड्या चर्चेत मजुराला आणून उभा करणारा हा अर्थशास्त्रज्ञ होता.

त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्यांनी साफ सांगितले की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत. आणि त्याच दमात हेही सांगितले की काही ठिकाणी लेखकाने अचूक घाव घातला आहे, आणि जिथे तो चुकला असे वाटते तिथेही त्याच्या विचारांतला ताजेपणा चालना देणारा आहे. विद्वत्तेचा सन्मान असा असतो. वाचून, मतभेद नोंदवून केलेला. कोणत्याही निर्देशांकात या प्रस्तावनेची किंमत एक दाखला एवढीच होईल.

मग हे काम दुर्लक्षित का राहिले? याला ‘जातीयवाद’ एवढे एका शब्दात उत्तर देऊन आम्ही थांबणार नाही. जात त्यात होतीच. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे. ज्याच्या हातचा पाण्याचा पेला चालत नाही, त्याचा दाखला आपल्या लेखात कोण घेणार? पण दुसरेही कारण आहे. दाखले ग्रंथाच्या गुणावर आपोआप उगवत नाहीत. त्यासाठी खुर्ची लागते, विभाग लागतो, हाताखाली पीएच.डी. करणारे विद्यार्थी लागतात, परिसंवाद लागतात. बाबासाहेब १९२० साली ती नोकरी सोडून अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. परत आल्यावर १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केली आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. अर्थशास्त्राचे अध्यासन मिळवण्यात आयुष्य घालवले असते, तर दाखले वाढले असते, पण आज आम्ही लिहितो ही लेखणी आमच्या हाती आली नसती.

ग्रंथही सहज मिळत नव्हते. ‘रुपयाचा प्रश्न’ १९४७ साली नव्या नावाने पुन्हा निघाला. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत वसंत मून यांच्या संपादनाखाली अर्थशास्त्रीय लेखनाचा सहावा खंड आला तो १९८९ साली, महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षांनी. जे वाचायलाच मिळत नाही त्याचा दाखला कोण देणार? रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की विज्ञानाच्या जगातही ज्याचे नाव आधीच मोठे त्याच्याच पदरात श्रेय पडत जाते, आणि अनोळखी माणसाचे तितकेच चांगले काम अंधारात राहते. आमच्या लोकांना हे सांगायला मर्टनची गरज नव्हती. पण विद्यापीठाला मर्टनचा दाखला लागतो, म्हणून दिला.

इथपर्यंत दोष व्यवस्थेचा. आता एक कडू गोष्ट सांगतो. ‘रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांनी केली’ असे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून बेधडक बोलले जाते. नोंदींनी काय सिद्ध होते ते पाहू. हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी लेखी निवेदन दिले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी साक्ष दिली. आयोगाच्या १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस झाली. १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. मध्यवर्ती बँकेची कल्पना त्याआधीही चर्चेत होती, चेंबरलेन आयोगासाठी केन्सने तसे टिपण केले होते. म्हणून बाबासाहेबांना ‘संस्थापक’ म्हणणे हे विरोधकाच्या हाती आयते कोलीत देणे आहे. खरे विधान अधिक भक्कम आहे. परकी सत्तेच्या आयोगापुढे अस्पृश्य समाजातला एक तरुण अर्थशास्त्रज्ञ छापील ग्रंथाच्या बळावर उभा राहिला आणि चलन सत्ताधाऱ्यांच्या लहरीवर सोडू नका असे बजावून आला. हे विधान कोणालाही खोडता येणार नाही, कारण त्याला पान क्रमांक आहे.

पान क्रमांकाची किंमत २०१६ साली कळली. नोटाबंदी झाली आणि प्रचार सुरू झाला की दर दहा वर्षांनी नोटा बदला, असे खुद्द बाबासाहेबांनी ‘रुपयाचा प्रश्न’ या ग्रंथात सांगितले आहे. त्या ग्रंथात अशी शिफारस नाही. सरकारच्या मर्जीवर चलन सोडू नये म्हणून जो ग्रंथ लिहिला, त्याच्याच नावाने एका रात्रीत चलन रद्द करण्याचे समर्थन झाले! हातावर पोट असलेली आमची माणसे रांगेत उभी होती आणि बाबासाहेबांचे नाव त्यांच्याविरुद्ध वापरले जात होते. त्या वेळी प्रत्येक वस्तीत दोन माणसे तरी अशी हवी होती, ज्यांनी शांतपणे विचारले असते, ‘पान कोणते?’

दाखल्याचा खरा अर्थ हाच आहे. दाखला म्हणजे साक्ष. म्हणून सायटेशनची थट्टा करून आम्ही मोकळे होणार नाही. साक्षीने काय होते याचे उदाहरण घरातलेच आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. ‘खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता पाहतात’ असे म्हणणाऱ्यांना तोवर आम्ही अनुभव सांगत होतो आणि ते आमचा अनुभव उडवून लावीत होते. हा अभ्यास झाला, त्याचे दाखले पुढच्या संशोधनात येत राहिले, आणि वादाची भूमीच बदलली. असे दाखले आम्हाला हवे आहेत, हजारांनी हवे आहेत.

पण आजच्या व्यवस्थेने दाखला आणि निबंध यांचा बाजार मांडला आहे. २०१० च्या नियमावलीने यूजीसीने अध्यापकांसाठी एपीआय गुण आणले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापणे २००९ च्या नियमावलीनेच सक्तीचे झाले होते. लगेच पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणाऱ्या जर्नलांचे पीक आले. २०१८ साली यूजीसीने आपल्याच यादीतून ४,३०५ शोधपत्रिका काढून टाकल्या. मग केअर नावाची नवी यादी आली. २०२२ साली पीएच.डी.साठीची सक्ती उठली. २०२५ साली केअर यादीही बंद झाली. नियम बदलत गेले, किंमत कोणी मोजली? पहिल्या पिढीतल्या संशोधकाने. फेलोशिप महिनोन्‌महिने अडकलेली, घरी पैसे पाठवायचे, आणि त्यातून निबंध छापायला शुल्क भरायचे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या प्राध्यापकाला संशोधनाला ना वेळ, ना ग्रंथालय, ना प्रवासखर्च. आणि मुलाखतीत त्यालाच विचारणार, ‘तुमचा एच-इंडेक्स किती?’ राखीव जागेवर ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारायला पूर्वी सबब शोधावी लागे. आता ती आकड्यात तयार मिळते.

त्यात मराठीतले संशोधन तर या तराजूत जवळजवळ शून्य वजनाचे. ऊसतोड कामगार, भूमिहीन, सफाई कामगार यांच्यावर मराठीत लिहिलेला चांगला अभ्यास या आंतरराष्ट्रीय सूच्यांना दिसत नाही. ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांना तो वाचता येतो, हा त्याचा गुण, आणि तोच या मापाने दोष ठरतो.

यावर करायचे काय? विद्यापीठांकडे आमची मागणी साधी आहे. उमेदवाराची उत्तम दोन-तीन कामे मागवा आणि समितीने ती वाचून लेखी मत द्यावे. हे काही आमचेच खूळ नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-प्रकाशकांच्या जाहीरनाम्याने हेच सांगितले की जर्नलच्या आकड्यावरून संशोधकाचे मोल ठरवू नका. अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात बाबासाहेबांचे लेखन ‘भारतीय विचारवंत’ या कोपऱ्यातल्या प्रकरणात ठेवू नका. चलन शिकवताना रुपयाचा ग्रंथ, शेती शिकवताना १९१८ चा निबंध, केंद्र-राज्य वित्तसंबंध आणि २०१७ पासूनचा जीएसटी शिकवताना प्रांतिक वित्ताचा ग्रंथ वाचायला लावा. तुकडे कोणी करायचे, खर्च कोणी करायचा आणि जाब कोणी द्यायचा, हा त्या ग्रंथातला प्रश्न आजही प्रत्येक अर्थसंकल्पात उभा राहतो.

आणि चळवळीकडे आमचे मागणे याहून जास्त आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक डीजे कमी करा आणि विहाराच्या कपाटात सहावा खंड आणा. तो कुलपात ठेवू नका. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना दर रविवारी एक प्रकरण वाचून साध्या मराठीत समजावून सांगायला लावा. आपल्या संशोधकांनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर बाबासाहेबांना वंदन जरूर करावे, पण पुढच्या प्रकरणांत त्यांच्याशी वाद घालायलाही कचरू नये. कॅनन यांनी घातला तसा. सुवर्णाधारित चलनाबद्दलची त्यांची मते आज किती टिकतात, हे आमच्याच एखाद्या विद्यार्थिनीने तपासून लिहिले, तर त्याने बाबासाहेबांचा मान वाढेलच. ज्याच्याशी कोणी वाद घालत नाही तो अर्थशास्त्रज्ञ फक्त तसबिरीत उरतो.

बाबासाहेबांचा एच-इंडेक्स किती, असे उद्या कोणी कुत्सितपणे विचारले तर रागावू नका. त्याला सहावा खंड काढून द्या आणि यातले कोणते पान तुम्ही वाचले आहे, ते विचारा. मात्र त्याआधी आपण ते वाचलेले असले पाहिजे. येत्या १४ एप्रिलपर्यंत एवढी तयारी आपल्या वस्तीत व्हावी, इतकेच आमचे सांगणे.